रसदीचा धर्म

युद्धाच्या इतिहासात तलवार चालवणाऱ्याचे नाव राहते, तोफ डागणाऱ्याचेही क्वचित राहते. पण त्या दोघांना भाकर आणि दारूगोळा पोहोचवणाऱ्याचे नाव शोधायचे तर दप्तरे चाळावी लागतात. या कामासाठी फारसीतून आलेला ‘रसद’ हा शब्द मराठीने शतकानुशतके वापरला आहे, आणि पानिपतच्या कहाणीत तर तो एखाद्या सरदाराइतकाच महत्त्वाचा आहे. गोविंदपंत बुंदेले, म्हणजे मूळचे गोविंद बल्लाळ खेर, १७६० च्या डिसेंबरात दुआबात मारले गेले, आणि त्यानंतर महिनाभरातच भाऊसाहेबांचे उपाशी सैन्य अब्दालीसमोर उभे राहिले. पंतांनी पैसा व धान्य वेळेवर पाठवले की नाही, हिशेबात कुचराई केली की नाही, यावर आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातला आहे. त्या वादाचे स्वरूप मात्र ठरलेले आहे. रसद पोहोचली की नाही, हा एकच प्रश्न त्यात विचारला जातो. ती कोणाच्या कणगीतून निघाली आणि ती निघाल्यावर त्या घरात काय उरले, हा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही. सैन्याच्या उपासमारीवर आपण कादंबऱ्या लिहिल्या. दुआबातल्या कुणब्याच्या उपासमारीला आपल्या वाङ्मयात जागा मिळालेली नाही.

प्रस्तुत लेखात मला जो प्रश्न विचारात घ्यायचा आहे, तो याच उणिवेतून निघतो. जो स्वतः कोणाला मारत नाही, लुटत नाही, धोरणही ठरवत नाही, केवळ सांगितलेल्या वस्तू सांगितलेल्या ठिकाणी पोहोचवतो, त्याच्या कामाचे नैतिक मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करायचे? रेल्वे आल्यापासून हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. बैलांचा तांडा घेऊन जाणारा बंजारा ज्या गावातून धान्य उचलत असे, त्या गावाच्या वेशीतून त्याला स्वतः जावे लागे. आगगाडीची वाघीण भरण्याचा हुकूम देणाऱ्याला त्या गावाचे नावही ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरसीच्या, लष्करी रेल्वेवाहतुकीची जबाबदारी क्वार्टरमास्टर खात्याकडे होती. प्रारंभी विल्यम अ‍ॅश, १८६२ च्या अखेरीस विल्यम वॅडली आणि वॅडलींच्या नेमणुकीला तिकडच्या सिनेटने मान्यता न दिल्यामुळे १८६३ मध्ये फ्रेडरिक सिम्स, असे तीन अधिकारी या कामावर आले. सिम्स यांच्या हाती काय होते? डझनावारी खासगी कंपन्यांचे तुटक मार्ग, काही ठिकाणी रुळांमधील अंतर निराळे, अनेक शहरांत एका कंपनीचे स्थानक दुसरीच्या स्थानकाला जोडलेलेच नाही. नवे रूळ मिळत नव्हते, म्हणून शाखामार्गांचे रूळ उखडून मुख्य मार्गावर टाकावे लागत. कारखान्यातले कुशल कारागीर सैन्यभरतीत ओढले जात. अशा स्थितीत १८६३ च्या सप्टेंबरात लाँगस्ट्रीट यांच्या फौजेतील हजारो सैनिक व्हर्जिनियातून जॉर्जियात नेण्याचे काम सिम्स यांनी अंगावर घेतले. जवळचा मार्ग शत्रूच्या हाती गेला होता, म्हणून सुमारे चौदाशे किलोमीटरचा वळसा घालून गाड्या न्याव्या लागल्या. सगळे सैनिक वेळेवर पोहोचले नाहीत, तोफा तर मागेच राहिल्या. पण जे पोहोचले त्यांनी चिकामॉगाच्या लढाईत निर्णायक भाग घेतला. युद्धशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रसंग आजही आदर्श म्हणून सांगितला जातो.

सिम्स हे कामाला वाहिलेले आणि सरकारच्या चुका सरकारला स्पष्टपणे कळवणारे अधिकारी होते. आपण सामान्यतः पहिली कसोटी लावतो ती चारित्र्याची, आणि तीत ते उतरतात. पण ज्या रुळांवरून त्यांच्या गाड्या धावल्या, ते रूळ मोठ्या प्रमाणात गुलाम केलेल्या माणसांच्या श्रमाने टाकलेले होते, आणि त्यांची दुरुस्तीही तीच माणसे करीत होती. त्या गाड्या ज्या राज्यासाठी धावत होत्या, ते राज्य टिकले असते तर त्या माणसांच्या नातवंडांचीही विक्री झाली असती. म्हणून आपण दुसरी कसोटी लावतो, पक्षाची. ज्या कार्यासाठी श्रम केले ते कार्यच अधम असेल, तर त्या श्रमातील निष्ठेने त्याचे पाप कमी होत नाही. उलट ते अधिक काळ टिकते. सिम्स जितके कर्तबगार, तितके युद्ध लांबले, आणि तितकी गुलामांची मुक्ती पुढे गेली, असे म्हणणे कठोर असले तरी तर्कदृष्ट्या चुकीचे नाही.

इथपर्यंत बहुतेकांचे एकमत होईल. अडचण पुढे आहे. पक्षाची कसोटी पुरेशी मानली, तर न्याय्य बाजूने लढणाऱ्या सैन्याचा रसद-अधिकारी आपोआप निर्दोष ठरतो. हा निष्कर्ष मला मान्य करता येत नाही, आणि तो का करता येत नाही हे दाखवण्यासाठी आपल्याच देशातील एका स्थानकाकडे, कलकत्त्याच्या सियालदहकडे, वळणे भाग आहे.

सियालदह हे ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे कलकत्त्यातील अखेरचे स्थानक. दुसऱ्या महायुद्धात, १ जानेवारी १९४२ रोजी, ही रेल्वे आणि आसाम बेंगॉल रेल्वे एकत्र करून ‘बेंगॉल अँड आसाम रेल्वे’ बनवण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, रंगून पडले. पूर्वेकडचा एक सामान्य, चहा आणि ताग वाहणारा मार्ग अचानक एका आघाडीची जीवनवाहिनी झाला. हा मार्ग कसा होता, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न नीट कळणार नाही. सियालदहहून राणाघाट, पद्मेवरचा हार्डिंज पूल ओलांडून ईश्वरदी, संताहार आणि पार्वतीपूर, असा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा ब्रॉडगेज रस्ता. पार्वतीपूरला सगळा माल हातांनी उतरवून मीटरगेजच्या लहान वाघिणींत भरायचा. तेथून आमिनगाव. आमिनगावला ब्रह्मपुत्रा आडवी, आणि तिच्यावर पूल नाही. तो पुढे १९६२ मध्ये झाला. वाघिणी तराफ्यांवर चढवून पलीकडे पांडूला न्यायच्या, पुन्हा गाडी जोडायची, आणि लुमडिंगमार्गे दिमापूर किंवा त्याहून पुढे लेडो. पावसाळ्यात नदी घाट बदलायला लावी, दरडी कोसळत, रूळ वाहून जात. चौदाव्या आर्मीचे सेनापती स्लिम यांनी आपल्या ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ या १९५६ च्या आत्मपर ग्रंथात या मार्गाचे वर्णन जवळजवळ काकुळतीने केले आहे. शांततेच्या काळात दिवसाला सहाशे टनांच्या आसपास माल वाहणारा हा रस्ता पुढे त्याच्या कित्येक पट माल वाहू लागला. इंफाळ आणि कोहिमा १९४४ मध्ये टिकले, त्याचे श्रेय जितके खंदकातल्या सैनिकांना, तितकेच पार्वतीपूरच्या हमालांना आणि सियालदहच्या वाहतूक-कारकुनांना द्यावे लागेल.

या युद्धाची बाजू कोणती, याविषयी भारतीय मनात तेव्हाही द्विधा होती आणि आजही आहे. साम्राज्य ब्रिटिशांचे, सैनिक आपले, आणि पलीकडे आझाद हिंद सेनेतले सैनिकही आपलेच. तो वाद मी येथे उकरीत नाही. जपानी लष्करशाहीने चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जे केले ते लक्षात घेता, तिला ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर अडवणे हे समर्थनीय कार्य होते, एवढे गृहीत धरू. म्हणजे पक्षाच्या कसोटीला सियालदहचा अधिकारी उतरला. चारित्र्याच्याही कसोटीला तो उतरला असे धरू. तसे असंख्य होते.

आणि १९४३ च्या उन्हाळ्यापासून त्याच सियालदहच्या फलाटांवर माणसे मरू लागली.

ती आली कशी? सियालदहच्या दक्षिण बाजूने कॅनिंग आणि डायमंड हार्बरकडचे मार्ग निघतात. चोवीस परगण्यातील भूमिहीन मजूर, कोळी, भाताची मळणी करून पोट भरणाऱ्या विधवा, अशी माणसे त्या गाड्यांनी विनातिकीट शहरात येत. कलकत्ता विद्यापीठातील मानववंशशास्त्राचे अध्यापक तारकचंद्र दास यांनी तेव्हा शहरातील निराश्रितांची पाहणी केली, ती १९४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शहरात आलेल्यांपैकी बहुसंख्य याच जिल्ह्यातले होते, असे त्यांना आढळले. किनाऱ्याजवळच्या या भागात १९४२ मध्ये सरकारने ‘नकार धोरण’ राबवले होते. जपानी उतरले तर त्यांच्या हाती वाहन लागू नये, म्हणून दहाहून अधिक माणसे वाहू शकतील अशा होड्या जप्त केल्या गेल्या किंवा मोडल्या. किनारी जिल्ह्यांतील जादा समजला गेलेला तांदूळ उचलण्यात आला. खाडी आणि नद्यांच्या त्या मुलखात होडी हीच बैलगाडी, होडी हेच नांगराइतके महत्त्वाचे अवजार. ती गेल्यावर मासेमारी गेली, पलीकडच्या बेटावरची शेती गेली, आणि धान्याची आवक-जावक गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला वादळ झाले. ब्रह्मदेशचा तांदूळ तर आधीच बंद झाला होता. भाव मजुरीच्या कितीतरी पुढे निघून गेले.

या दुष्काळाची कारणमीमांसा येथे विस्ताराने करण्याचे प्रयोजन नाही. सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९४५ मध्ये बळींची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत आणि त्याहीपुढे जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की प्रांतात धान्याची एकूण उपलब्धता एवढ्या मृत्यूंचे कारण ठरावे इतकी घटलेली नव्हती. धान्य मिळवण्याची काही वर्गांची ताकदच नाहीशी झाली होती. ती का झाली, याचे एक उत्तर आपल्या विषयाला थेट भिडते. ऑगस्ट १९४२ पासून कलकत्त्यात ‘अग्रक्रमाचे वर्ग’ ठरवण्यात आले. युद्धसामग्रीचे कारखाने, बंदर, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे यांत काम करणाऱ्यांना स्वस्त धान्य मालकांमार्फत मिळू लागले. रेल्वेने नोकरांसाठी स्वतःची धान्यदुकाने काढली. त्यात वाईट काय? काहीच नाही. सांधे बदलणारा पॉइंट्समन उपाशी राहिला तर गाडी घसरेल आणि इंफाळची तोफ मुकी होईल. पण फलाटाच्या एका टोकाला रेल्वेच्या दुकानातून आपला तांदूळ घेऊन घरी जाणारा पॉइंट्समन, आणि दुसऱ्या टोकाला भाताची पेज मागणारी बाई, यांच्यात फरक कोणत्या गोष्टीचा होता? गुणाचा नव्हता, गरजेचाही नव्हता. एक जण युद्धाच्या उपयोगाचा होता, दुसरी नव्हती. हा भेद कुणा क्रूर माणसाने केलेला नव्हता. तो यादीने केला होता.

मला येथे ‘क्रम’ या शब्दावर थोडे थांबायचे आहे. वाहतूक सांभाळणाऱ्याच्या हाती धोरण नसते हे खरे, पण त्याच्या हाती क्रम असतो. शंभर वाघिणींची मागणीपत्रे आली आणि साठच वाघिणी हाताशी असल्या, तर कोणत्या चाळीस मागण्या मागे ठेवायच्या, हे त्याला रोज ठरवावे लागते. वरून आलेले अग्रक्रमाचे कोष्टक असते. पण कोष्टकात वर्ग असतात, आणि प्रत्यक्षात समोर असतात ते पोती, पेट्या, घोडे, औषधे आणि माणसे. लष्करी मालाला पहिला मान, हे कोष्टक सांगते. मात्र त्या ‘लष्करी माला’त दारूगोळा येतो तशी अधिकाऱ्यांच्या खाणावळीची दारूही येते. क्रम लावणे ही गणिती क्रिया वाटते, म्हणून ती करणाऱ्याला आपण निर्णय घेत आहोत असे वाटत नाही. वस्तुतः प्रत्येक क्रमात एक निवाडा दडलेला असतो, आणि ज्याची मागणीच कागदावर आलेली नाही, त्याच्याविरुद्ध तो निवाडा आधीच लागलेला असतो. कॅनिंगच्या विधवेने मागणीपत्र भरलेले नव्हते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बंगालचा दुष्काळ रेल्वेने घडवला नाही. होड्या रेल्वेने जप्त केल्या नाहीत. तांदळाच्या खरेदीत घोळ घालणारे प्रांतिक सरकार, साठेबाजांचे धाडस, प्रांताप्रांतांमधील धान्यबंदी, जहाजे देण्यास नकार देणारे लंडनचे मंत्रिमंडळ, ही सगळी मोठी कारणे होती. इतकेच नव्हे, १९४३ च्या जुलैत दामोदरच्या पुराने बर्दवानजवळ ईस्ट इंडियन रेल्वेचा मुख्य मार्ग तोडला, तेव्हा तर रेल्वे स्वतःच संकटात होती. शरद ऋतूत पंजाबकडून धान्य कलकत्त्याला आले, तेही जिल्ह्यांपर्यंत जाईना. शिबपूरच्या वनस्पती-उद्यानात पोत्यांच्या राशी उघड्यावर पडून राहिल्या आणि कुजल्या. (कॉन्फेडरसीतही हेच घडले होते. दक्षिणेच्या आतल्या भागातील कोठारांत मका सडत होता, आणि २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडमध्ये बायका पावासाठी रस्त्यावर उतरून दुकाने फोडत होत्या.) मग एकट्या वाहतूक-अधिकाऱ्याला दोष देण्यात काय अर्थ?

या आक्षेपाचा पूर्वार्ध मी मान्य करतो. उत्तरार्धाला मात्र घटनांनीच उत्तर दिले आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाले, त्या महिन्याच्या अखेरीस ते कलकत्त्याला आले, त्यांनी निराश्रितांची स्थिती डोळ्यांनी पाहिली आणि धान्य वाहण्याचे काम लष्कराकडे सोपवले. मेजर-जनरल वेकली यांच्या देखरेखीखाली धान्य कलकत्त्यातून जिल्ह्यांकडे निघू लागले. रूळ तेच होते, नद्याही त्याच होत्या, आणि युद्ध तर अधिकच ऐन भरात आले होते. पुरेशा वाघिणी, ट्रक आणि मनुष्यबळ नोव्हेंबरात सापडले. याचा अर्थ ते जुलैतही सापडणे सर्वस्वी अशक्य नव्हते. बदलला होता तो क्रम. आणि तो बदलण्यासाठी कोणीतरी वरिष्ठाने फुटपाथवर येऊन पाहावे लागले. तोपर्यंत ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्टला प्रेतांची आणि मरणोन्मुखांची छायाचित्रे छापली नसती, तर ही निकड दिल्ली-लंडनला जाणवायला आणखी किती काळ लागला असता, कोण जाणे. सरकारने स्वतःच्या दुष्काळ-संहितेनुसार बंगालमध्ये दुष्काळ जाहीरही केला नव्हता. त्याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यात विजापूरकडे पीक बुडाले होते, तेथे संहितेप्रमाणे दुष्काळी कामे निघाली. मुंबई शहरात १९४३ च्या मे महिन्यात शिधावाटप सुरू झाले. कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ अखेर आले. बंगालच्या वेदनेला मराठीतून ओ देणारे अण्णाभाऊ साठे यांचे ‘बंगालची हाक’ ज्यांनी ऐकले, त्या मुंबईकर कामगारांच्या हातात तेव्हा शिधापत्रिका होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्या परंपरेतून या प्रश्नाला काय उत्तर मिळते? गीतेने कर्मातील कौशल्याला योगाची पदवी दिली आहे, आणि कुशल नोकरशहाला हे वचन फार सोयीचे वाटते. आपल्या वाट्याचे काम चोख करावे, फळाची चिंता करू नये. गाडी वेळेवर सोडली की धर्म पूर्ण झाला. हे गीतेचे विडंबन आहे. ज्या ब्रह्मदेशातून पुढे तांदूळ येईनासा झाला, त्याच ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात बसून टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, आणि त्यात कर्मयोगाचे प्रयोजन म्हणून लोकसंग्रहावर जो भर दिला, तो या विडंबनाला उत्तर म्हणून वाचावा असे मला नेहमी वाटत आले आहे. फलाशा सोडणे म्हणजे आपल्या कर्माचा परिणाम काय होतो याकडे पाठ फिरवणे नव्हे. त्या परिणामातून स्वतःसाठी काही न मागणे. पहिल्या अर्थाने घेतल्यास निष्काम कर्म हे कोणत्याही यंत्राला साधते. तरीही एक शंका उरते. लोकसंग्रहातला ‘लोक’ कोणता? सरकार म्हणेल, युद्ध जिंकणे हाच लोकसंग्रह. मोठ्या शब्दांची ही अडचण असते, की ते कुणाच्याही यादीवर शिक्क्यासारखे मारता येतात.

म्हणून मला तत्त्वग्रंथापेक्षा एक साधे सरकारी पत्र अधिक उपयोगी वाटते. १६७४ च्या राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना धाडलेले पत्र मराठी वाचकांना परिचित आहे. त्याचा गौरव आपण रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी करतो, आणि तो योग्यच आहे. पण ते पत्र मुळात एका रसद-प्रमुखाचे आहे, इकडे फारसे लक्ष जात नाही. पावसाळ्याचे दिवस, पागा मुक्कामाला, गवताचा आणि दाण्याचा साठा मोजका. महाराज सांगतात ते थोडक्यात असे: आज मिळते म्हणून बेहिशेबी चाराल, तर पुढे साठा संपेल, घोडी मरतील, मग तुमची माणसे कुणब्याकडून कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकडे, कोणी भाजी, कुणबी घर सोडून जाऊ लागतील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटू लागाल. रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत ते पत्र उतरते.

या पत्रातील विचाराची साखळी पाहण्यासारखी आहे. एका बाजूला घोड्याचा तोबरा, दुसऱ्या बाजूला कुणब्याचे उपाशी मूल, आणि मधली प्रत्येक कडी लिहिणाऱ्याने स्वतः मोजून पाहिलेली आहे. चांगले वागा, असा मोघम उपदेश त्यात नाही. तुमच्या आजच्या बेहिशेबाचा शेवट कोणाच्या चुलीपाशी होईल, हे त्यात दाखवले आहे. हिशेबच इथे नैतिक कृती होतो; कारण हिशेबाच्या वहीत छावणीबाहेरच्या माणसालाही एक रकाना दिलेला आहे. सियालदहच्या दप्तरात टनांचे, वाघिणींचे, तासांचे रकाने होते. ते अत्यंत काटेकोर भरले गेले.

येथे मराठी वाचकाला थोडे सुखावून थांबता आले असते. पण सियालदहची जागाच तसे करू देत नाही. या स्थानकासमोरून जाणारा जुना सर्क्युलर रोड, आजचा आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांच्या नावांचा रस्ता, हा मूळच्या ‘मराठा खंदका’च्या रेषेवरचा आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली बंगालात शिरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने हा खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यापर्यंत आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावर रस्ता झाला. परंतु गंगेच्या पश्चिमेकडील मुलखात ‘बर्गी’ पोहोचले होते. बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचे, तो शिपाई. एका अर्थाने रसदीवरच जगणारा माणूस. त्याला पुरवठा मागून येत नव्हता, म्हणून तो समोरच्या गावातून उचलत होता, आणि बंगाली आया अजूनही मुलांना झोपवताना त्याचे नाव घेतात. चिपळूणच्या पत्रानंतर सत्तर वर्षे झाली नव्हती. पत्रात जे भय व्यक्त झाले होते, ते आपल्याच स्वारांनी दुसऱ्यांच्या कुणब्यांवर खरे करून दाखवले. सखाराम गणेश देऊस्कर यांच्यासारखा मराठी माणूस पुढे १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून त्याच प्रांताला परकीय लुटीचे अर्थशास्त्र शिकवतो, हा इतिहासाचा थोडासा उपकारक योगायोग मानावा; त्याने बर्गींचे देणे फिटत नाही.

तेव्हा पक्ष कोणता, राजा कोणाचा, झेंड्याचा रंग कोणता, यांवर रसदीचा धर्म ठरत नाही. एकाच राज्यपरंपरेत चिपळूणचे पत्रही असते आणि बंगालची स्वारीही. माझ्या मते रसद सांभाळणाऱ्याला दोनच गोष्टी विचारता येतात. जे तुम्ही उचलले ते कोठून उचलले, हे तुम्हाला ठाऊक होते का? आणि जे मागे राहिले त्याची नोंद तुम्ही वर धाडली का? युद्धकाळात त्याने गाडी अडवून बसावे, राजीनामा द्यावा, दारूगोळा उतरवून तांदूळ भरावा, अशी वीरत्वाची अपेक्षा मी करीत नाही. ती अपेक्षा करणे सोपे असते, कारण ती कोणी पूर्ण करणार नाही हे आपल्याला माहीत असते, आणि मग सगळ्यांनाच माफ करता येते. नोंद करण्याची अपेक्षा मात्र टाळता येत नाही. सिम्स यांनी लोखंड नाही, कारागीर नाहीत, हे वर लिहून कळवले. रेल्वेच्या दृष्टीने जे कमी होते ते सर्व त्यांनी कळवले. रूळ दुरुस्त करणारा गुलाम हा त्यांच्या लेखी साधनसामग्रीतला एक घटक होता, म्हणून त्याच्याविषयी कळवण्यासारखे काही त्यांना दिसले नाही. सियालदहच्या अधिकाऱ्यांना फलाटावरची माणसे दिसत होती. वाहतुकीला अडथळा म्हणून तर नक्कीच दिसत होती. १९४३ च्या ऑक्टोबर अखेर निराश्रितांना शहराबाहेर नेण्याचा अध्यादेश निघाला, तेव्हा त्यांना हलवण्यासाठी वाहने मिळाली. माणसाला नेण्यासाठी साधन मिळते, पण त्याच्याकडे धान्य नेण्यासाठी मिळत नाही, ही विसंगती कागदावर मांडण्यासाठी बंडखोर असण्याची गरज नव्हती.

कोणी म्हणेल, अशा नोंदीने काय झाले असते? कदाचित काहीच नाही. विल्यम वॅडलींची मते तिकडच्या सरकारला पेलली नाहीत आणि ते गेले. दुसरा माणूस आला, गाड्या चालू राहिल्या. तथापि एक फरक पडतो. वेव्हेल कलकत्त्यात येऊन जे पाहतात, ते पाहण्यासाठी व्हाइसरॉयला स्वतः यावे लागू नये, याचसाठी तर खालपासून वरपर्यंत दप्तरे असतात. डोळ्यांनी पाहणारे हजारो होते. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या वहीत रकाना नाही म्हणून पाहिलेले सोडून दिले.

१ मार्च १९४४ रोजी कटिहारपासून लेडोपर्यंतचा सुमारे आठशे मैलांचा मीटरगेज मार्ग अमेरिकी सैन्याच्या रेल्वे पलटणींनी चालवायला घेतला. त्यांनी लांब गाड्या, नवी इंजिने आणि नवी शिस्त आणली. मालाचे आकडे झपाट्याने चढले. याच महिन्यांत बंगालच्या खेड्यांत हिवताप, कॉलरा आणि देवी यांनी माणसे मरत होती. नवे भात घरात येऊनही दुष्काळाचे मृत्यू १९४४ मध्ये थांबले नाहीत. त्या मार्गावरून रोज किती टन माल गेला, हे लष्करी इतिहासांत आज वाचायला मिळते. सियालदहच्या फुटपाथवर कोण कोणत्या गावाहून आले, घरातले किती वाटेत गेले आणि किती पोहोचले, हे मात्र तारकचंद्र दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकेका कुटुंबाला विचारत लिहून घ्यावे लागले.